एक अभ्यास, दोन नोंदी : लाँग आयलंडवर घरशाळेचं पहिलं वर्ष

प्रकरणातलं घर असं. पुण्याचं चौकोनी कुटुंब. बाबांची कंपनीनं दोन वर्षांसाठी न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवरच्या नासाउ काउंटीत बदली केलेली. बाबांचा व्हिसा एल-१, आई आणि मुलांचा एल-२. थोरली पाचवी संपवून आलेली, ऑगस्टमध्ये अकरा पूर्ण. धाकटा दुसरी संपवून आलेला, सप्टेंबरात आठ पूर्ण. दोघंही पुण्यात सेमी इंग्रजीच्या शाळेत, राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाला. परतायचं ते थोरलीची आठवी आणि धाकट्याची पाचवी सुरू होताना. मधली दोन वर्षं मुलांना तिथल्या शाळेत न घालता घरीच शिकवायचं, म्हणजे घरशाळा, असं ठरलेलं. हे कुठलं एक विशिष्ट घर नाही; अशा घरांमध्ये पहिल्या वर्षी जे हमखास घडतं ते इथं एका घरात बसवलं आहे. नियम, मुदती आणि आकडे मात्र खरे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. तिथली सरकारी शाळा फुकट असते, शिक्षक प्रशिक्षित असतात आणि नवीन मुलाला इंग्रजीसाठी वेगळी मदतही मिळते. दोन वर्षांसाठी जाणाऱ्या बहुतेक घरांना आम्ही शाळाच सुचवू. या घराची कारणं मात्र पटण्यासारखी होती. थोरली परतल्यावर थेट आठवीत बसणार, म्हणजे मराठी, हिंदी आणि राज्य मंडळाचं गणित दोन वर्षं सुटून चालणार नव्हतं. बाबांचं काम वर्षभरात शेजारच्या न्यू जर्सीत हलण्याची शक्यता होती. शिवाय आई पुण्यात गणित शिकवत होती आणि पहिलं वर्ष नोकरी न करता मुलांना द्यायची तिची तयारी होती. 'तिकडची शाळा कशी असेल कोण जाणे' एवढंच कारण असेल, तर घरशाळेच्या वाटेला जाऊ नये.

कायदा राज्यागणिक बदलतो

'परदेशात घरी शिकवता येतं का?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. जर्मनीत मुलानं शाळेत जाणं सक्तीचं आहे. आवड म्हणून घरी शिकवायला तिथं वावच नाही. अमेरिकेत चालतं, पण प्रत्येक राज्याचं वेगळं. न्यू जर्सीत आधी कुणाला कळवावंही लागत नाही. नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये मात्र देशातल्या कडक नियमांपैकी एक नियम आहे : शिक्षण आयुक्तांच्या नियमावलीतलं कलम १००.१०. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या ओळखीच्या मराठी घरानं 'काही करावं लागत नाही हो' असं सांगितलं, तर ते त्यांच्यापुरतं खरंच असतं. नासाउत ते लागू होत नाही.

कलमाचा गाभा असा. शैक्षणिक वर्ष १ जुलै ते ३० जून. घरी शिकवणार असल्याचं पत्र आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाच्या, सुपरिंटेंडंटना १ जुलैपर्यंत द्यायचं. वर्षाच्या मध्ये राहायला आलात, तर घरशिक्षण सुरू केल्यापासून १४ दिवसांत. पत्र मिळाल्यावर डिस्ट्रिक्ट कामकाजाच्या १० दिवसांत नियमाची प्रत आणि एक फॉर्म पाठवतं. हा फॉर्म म्हणजे आयएचआयपी, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शिक्षण आराखडा. कागद हातात पडल्यापासून चार आठवडे किंवा १५ ऑगस्ट, यातली जी तारीख नंतर येईल तोवर तो भरून द्यायचा. त्रुटी निघाली तर दुरुस्तीसाठी पुन्हा मुदत मिळते. मग वर्षभरात चार तिमाही अहवाल आणि शेवटच्या अहवालासोबत वार्षिक मूल्यमापन. पहिली ते सहावीसाठी वर्षाला ९०० तास, सातवीपासून ९९०.

पत्र गेलं, पण चुकीच्या दारात

हे कुटुंब ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उतरलं आणि पहिले तीन आठवडे कंपनीनं दिलेल्या तात्पुरत्या घरात राहिलं. घर भाड्यानं घेतलं ते दोन गावं पुढे. इथं पहिली गाठ पडली. एकट्या नासाउ काउंटीत ५६ स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यांच्या हद्दी पोस्टाच्या पत्त्याशी जुळत नाहीत. पत्त्यावर एका गावाचं नाव असतं, पण घर शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये मोडतं. आईनं पत्त्यावरच्या गावाच्या डिस्ट्रिक्टला पत्र पाठवलं. ते दहा दिवसांनी 'तुम्ही आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत आलं. घर कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे ते घरमालकाच्या स्कूल टॅक्सच्या बिलावर छापलेलं असतं. भाडेकरार करतानाच त्या बिलाची प्रत मागून घ्यावी. ग्रंथालयाचं कार्ड काढतानाही पत्त्याचा प्रश्न येतोच, तेव्हा ती दोनदा कामी येते.

दुसरी चूक सावधपणातून झाली. 'घरी नाही जमलं तर जागा असावी' म्हणून बाबांनी शाळेचा प्रवेशअर्जही ऑनलाइन भरून ठेवला होता. आता मुलांची नावं पटावर, मुलं घरी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गैरहजेरीचे फोन सुरू झाले. न्यूयॉर्कमध्ये विनाकारण गैरहजेरी ही शिक्षणाकडे दुर्लक्ष म्हणून बघितली जाऊ शकते, त्यामुळे हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. प्रवेश लेखी रद्द करून त्याची पोच घेतली, तेव्हा प्रकरण मिटलं. एक तर प्रवेश घ्या, नाही तर पत्र द्या. दोन्ही दगडांवर पाय नको. वर्षाच्या मध्ये शाळेत घालावंसं वाटलं, तर रहिवासी म्हणून मुलाचा हक्क शाबूत असतोच, जागा राखून ठेवायची गरज नसते.

पत्र चार ओळींचं पुरतं : मुलाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, पत्ता आणि 'अमुक तारखेपासून कलम १००.१० नुसार घरी शिक्षण देत आहोत'. कारणं लिहू नयेत, कुणी विचारलेली नसतात. रजिस्टर्ड पोस्टासारखं, सहीची पोच येईल असं पाठवावं. इयत्तेचा घोळ या घरी झाला नाही, कारण न्यूयॉर्कची वयाची तारीख १ डिसेंबर. थोरली सहावीत आणि धाकटा तिसरीत, पुण्याप्रमाणेच. ज्यांचे वाढदिवस डिसेंबरात येतात त्यांनी मात्र ही तारीख नीट बघावी.

आराखड्यात किती लिहायचं

सहावीपर्यंतच्या विषयांची यादी लांबलचक आहे : अंकगणित, वाचन, स्पेलिंग, लेखन, इंग्रजी भाषा, भूगोल, अमेरिकेचा इतिहास, विज्ञान, आरोग्य, संगीत, दृश्यकला, शारीरिक शिक्षण. त्यावर देशप्रेम आणि नागरिकत्व, व्यसनांचे धोके, सायकलसकट रस्त्यावरची सुरक्षा आणि आगीपासून बचाव. यादी बघून धडकी भरते, पण शेवटचे चार विषय मिळून आठवड्याला तासभर पुरतो. शिवाय ते खरोखर लागतात. पुण्यात वाढलेलं मूल रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघतं. तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात, आधी डावीकडे बघावं लागतं. १४ वर्षांखालच्या मुलाला सायकलवर हेल्मेट कायद्यानंच सक्तीचं आहे. पिवळी स्कूल बस लाल दिवे लुकलुकवत उभी असली, की दोन्ही बाजूंची वाहनं थांबतात. हे तीन पाठ पहिल्याच आठवड्यात झाले.

'देशप्रेम'वर भारतीय पालक अडखळतात. शपथ घ्यायला कुणी सांगत नाही. या घरानं सहावीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन संस्थांचे धडे काढले आणि शेजारी नासाउची रचना मांडली : व्हिलेज, टाउन, काउंटी, आणि या सगळ्यांपासून वेगळं, स्वतःचा कर लावणारं स्कूल डिस्ट्रिक्ट. डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रकावर मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी लोक प्रत्यक्ष मतदान करतात. ग्रामसभा आणि हे मतदान यांत साम्य काय, फरक काय, यावर थोरलीनं दोन पानं लिहिली. नागरिकत्वाचा तिमाहीचा मजकूर तिथंच झाला.

घोडं पेंड खाल्लं ते गणितापाशी. आराखडा म्हणजे डिस्ट्रिक्टला दिलेलं वचन, हे ध्यानात न घेता आईनं तो हौसेनं भरला. बालभारतीच्या सहावीच्या गणिताचे पाच धडे आणि तिथल्या ग्रेड सहाच्या वर्कबुकचे चार घटक, असे नऊ घटक एकट्या पहिल्या तिमाहीत. नियमात एक अट आहे : तिमाहीत ठरवलेल्यापैकी ८० टक्क्यांहून कमी झालं, तर कारण लेखी द्यावं लागतं. म्हणून आराखड्यात धड्यांची संख्या लिहूच नये. 'अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश, गुणोत्तर. साहित्य : अमुक पुस्तक आणि ग्रंथालयातली पुस्तकं' एवढं पुरतं. पुस्तकांची यादी मागितलेली असते, पानांची नव्हे.

सहाव्या आठवड्यात काय झालं

मूळ वेळापत्रक असं होतं : सकाळी न्यूयॉर्कच्या यादीतले २५ तास, संध्याकाळी 'पुण्याचा अभ्यास' १२ तास. आठवड्याला ३७. पहिले तीन आठवडे उत्साहात गेले. सहाव्या आठवड्यात धाकटा पेन्सिल टाकून रडायला लागला आणि थोरली संध्याकाळच्या वह्या पुसट अक्षरात, पटापट उरकायला लागली. नोंदवहीत तास दिसत होते २२२, म्हणजे तिमाहीचे २२५ जवळजवळ पुरे. पण गणिताच्या नऊ घटकांपैकी पुरे झाले होते पाच. तास भरले, अभ्यास नाही.

कारण साधं होतं. सकाळी वर्कबुकमध्ये अपूर्णांकांचा भागाकार, संध्याकाळी बालभारतीत तोच भागाकार. सकाळी इंग्रजीतून नकाशा, संध्याकाळी मराठीतून नकाशा. मुलं एकच गोष्ट दोनदा शिकत होती आणि दुसऱ्या वेळी कंटाळत होती.

दिवाळीच्या सुट्टीच्या आठवड्यात आई-बाबांनी दोन्हीकडचे विषय एका कागदावर समोरासमोर मांडले. सहावीच्या गणितात मोठा भाग सामाईक निघाला : पूर्णांक संख्या, अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, शेकडेवारी, साधी समीकरणं. फक्त पुण्याकडे होते ते नफा-तोटा, सरळव्याज, मसावि-लसाविचा जास्त सराव आणि भौमितिक रचना. फक्त न्यूयॉर्ककडे होती ती आकडेवारी, म्हणजे मध्य, मध्यक आणि विखुरणं, आणि पृष्ठफळ. सामाईक भाग एकदाच शिकवायचा, पुस्तक बालभारतीचं, कारण परतायचं तिकडे. उरलेला भाग शुक्रवारी.

मग आठवडा बदलला. थोरलीचा असा : गणित साडेचार तास, इंग्रजीचे सगळे उपविषय मिळून सहा, विज्ञान तीन, अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकत्व दोन, भूगोल दोन, संगीत दीड, चित्रकला दीड, व्यायाम साडेतीन, आरोग्य आणि सुरक्षा एक. बेरीज २५. असे ३६ आठवडे म्हणजे ९०० तास. २ सप्टेंबर ते ३० जून हे ४३ आठवडे होतात. म्हणजे दिवाळी, डिसेंबरअखेर, वसंतातली सुट्टी आणि आजारपण यांना सात आठवडे मोकळे राहतात. धाकट्याचे तासही ९००च, पण त्याच्या तासांत वाचून दाखवणं, खेळ आणि हातकाम जास्त.

महत्त्वाची हालचाल झाली ती भूगोलात. नियमाला भूगोल हवा आहे. पुस्तक बालभारतीचं चालतं. सहावीचा भूगोल वृत्तांपासून सुरू होऊन हवामान, तापमान, महासागर, खडक, ऊर्जा साधनं असा जातो. त्यातलं महाराष्ट्रापुरतं फार थोडं आहे. तो मराठीतून शिकवला की दोन तास अहवालात भूगोल म्हणून लागतात आणि पुण्यासाठी मराठी परिभाषाही टिकते : अक्षवृत्त, रेखावृत्त, समताप रेषा. मराठी भाषेला मग वेगळे फक्त रोज अर्धा तास आणि हिंदीला आठवड्याला एक तास उरला. हे तास अहवालाच्या बाहेर ठेवले. मराठी सक्तीच्या यादीत नाही. ती मोजून घेण्यासाठी पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा ९०० तास यादीतल्या विषयांनीच भरलेले बरे.

काठी आणि सावली

ही पद्धत कशी चालते ते एका पाठावरून कळेल. २१ डिसेंबर, एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंब्यानं उभी केलेली, आणि टेप. सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा मोजायची. ही वेळ घड्याळातल्या बाराला येत नाही. लाँग आयलंड तिथल्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या थोडं पूर्वेला, म्हणून तिथं ती ११ वाजून ५२ मिनिटांच्या आसपास येते. पुणं भारताच्या प्रमाणवेळेच्या ८२.५ पूर्व रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला, म्हणून पुण्यात १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमाराला. त्या दिवशी आजोबांनी कोथरूडच्या गच्चीत तशीच काठी उभी केली; तेव्हा लाँग आयलंडवर रात्रीचे दोन वाजले होते. मुलं उठली तेव्हा फोनवर आकडा येऊन पडलेला : ९० सेंटिमीटर. दुपारी अंगणातल्या बर्फावर मुलांनी मोजली ती २ मीटर ६ सेंटिमीटर.

आता वही. एकास वीस प्रमाणात आकृती काढायची : ५ सेंटिमीटर उभी रेघ, १०.३ सेंटिमीटर आडवी, कर्ण जोडून कोनमापकानं सूर्याचा कोन मोजायचा. साधारण २६ अंश. पुण्याचा ५ आणि ४.५ घेऊन साधारण ४८. फरक २२ अंश. नकाशावर पुणं साडेअठरा अंश उत्तर, लाँग आयलंड ४०.७. फरक तोच! त्रिकोणमिती न शिकता सहावीतल्या मुलीनं दोन गावांच्या अक्षांशातला फरक अंगणात काढला. बर्फाच्या वादळात २१ तारीख हुकली, तर चार-पाच दिवस मागेपुढे चालतात. फक्त दोन्ही गावांनी एकाच तारखेला मोजायचं. हात थरथरून काठी कलली, की कोन दोन-तीन अंशांनी चुकतो. ओळंबा म्हणून दोऱ्याला बांधलेली किल्ली चालते.

या पाठाला दोन तास लागले. नोंद : भूगोल ५० मिनिटं, गणित ४०, विज्ञान ३०. इथं घसरायला होतं. तोच दोन तासांचा पाठ तीनही विषयांत 'दोन तास' म्हणून लिहिला, तर वर्षाअखेरीस बेरीज फुगते आणि कुणी हजेरीपट मागितला, तर तो जुळत नाही. काम अनेक विषयांचं असू दे, मिनिट एकदाच मोजायचं. आजोबांना लिहिलेलं मराठी पत्र वेगळ्या वहीत, अहवालाबाहेर. धाकट्यानं सावली मोजायला मदत केली. त्याच्या नावावर विज्ञानाची ३० मिनिटं आणि बर्फात घसरगुंडी खेळला ती व्यायामाची ४५. भावंडांचा पाठ एकत्र असला, तरी नोंद प्रत्येकाची स्वतंत्र लागते.

अंकांची गंमत आणि डोकेदुखी

धाकट्याचं पहिल्या तिमाहीतलं खरं दुखणं अंकांचं होतं. मराठीत 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतात. इंग्रजीत ट्वेंटी-फाइव्ह म्हणताना आधी वीस. दोन भाषांमध्ये झुलणारं मूल ५२ लिहितं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास तर वजाबाकीचंच कोडं. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत आणली, तेव्हा महाराष्ट्रात बरीच खिल्ली उडाली होती. पण परदेशातल्या घरात ती पूल म्हणून फार कामाची आहे. आठवडाभर 'वीस पाच, ट्वेंटी-फाइव्ह, पंचवीस' असं तिन्ही म्हणून घेतलं आणि लिहिताना आधी दशकाचा डबा, मग एककाचा. महिनाभरात घोळ गेला.

थोरलीचा घोळ स्वल्पविरामाचा. ती १,२५,००० लिहायची; तिथलं वर्कबुक १२५,००० मागतं. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, एक लाख म्हणजे शंभर थाउजंड, हा तक्ता भिंतीवर लावला आणि नियम केला : मराठी-पुण्याच्या वहीत लाख-कोटी, इंग्रजीच्या वहीत मिलियन. एकाच वहीत दोन्ही नको. तारखेचंही तसंच. अहवालावर ११/१२ लिहिलं, तर ते १२ नोव्हेंबर वाचलं जातं. सोळाव्या हिश्शांत विभागलेली इंचपट्टी मात्र वरदान ठरली. अपूर्णांकांची बेरीज शिकवायला तिच्याइतकं स्वस्त साधन नाही. नाण्यांतला डाइम निकेलपेक्षा लहान, पण किमतीनं दुप्पट; धाकट्याला हे अन्यायकारक वाटलं आणि म्हणूनच लक्षात राहिलं.

पुस्तकं, ग्रंथालय, सोबती

विमानाच्या बॅगेत पुस्तकं कोंबू नयेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात. छापून घ्यायची ती फक्त मराठी, भूगोल आणि इतिहास-नागरिकशास्त्राची. गणित टॅबवर चालतं, कारण लिहायचं वहीतच असतं. एक सावधगिरी : नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तकं इयत्तावार बदलत आहेत. उतरवण्याआधी वर्ष बघा आणि परतीच्या आदल्या वर्षी पुन्हा तपासा. मोठ्या भावंडाची जुनी पुस्तकं जपून आणलेली असतात, नेमकी तीच कालबाह्य निघतात.

अमेरिकेचा इतिहास, विज्ञानवाचन आणि इंग्रजी कथा गावच्या सार्वजनिक ग्रंथालयावर सोडाव्यात. गार्डन सिटीतलं क्रेडल ऑफ एव्हिएशन म्युझियम याच काउंटीत आहे. चांद्रमोहिमेचं लुनर मॉड्यूल जवळच्याच बेथपेजमध्ये ग्रुमन कंपनीनं बांधलं आणि त्यातलं एक न उडालेलं यान तिथं ठेवलेलं आहे. इतिहास आणि विज्ञान, दोन्हींचा दिवस. घरी शिकणाऱ्या मुलांना शाळेच्या आंतरशालेय संघात खेळता येत नाही. सोबतीसाठी ग्रंथालयाचे कार्यक्रम, गावचा फुटबॉल क्लब आणि रविवारची मराठी शाळा. हे तिन्ही सप्टेंबरातच धरले नाहीत, तर हिवाळ्यात मुलं घरात कोंडतात : डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो.

अहवाल आणि वर्षअखेर

या घरानं आराखड्यात दिलेल्या तारखा १५ नोव्हेंबर, ३१ जानेवारी, १५ एप्रिल, ३० जून. प्रत्येक अहवालात चार गोष्टी : तिमाहीत किती तास झाले, प्रत्येक विषयात काय शिकवलं, प्रत्येक विषयात श्रेणी किंवा प्रगतीचं दोन-तीन ओळींचं वर्णन, आणि ८० टक्क्यांहून कमी झालं असेल तर कारण. पहिल्या अहवालात गणिताखाली या घरानं लिहिलं : 'दोन पुस्तकांतले अपूर्णांकांचे घटक एकमेकांवर येत असल्यामुळे एकत्र केले. राहिलेला भाग दुसऱ्या तिमाहीत घेतला जाईल.' डिस्ट्रिक्टकडून उलट प्रश्न आला नाही. लपवलं असतं आणि जूनच्या अहवालात उघड झालं असतं, तर आला असता. अहवाल मुलामागे एक पान. दहा पानं पाठवणाऱ्या घरांकडून पुढच्या वेळी अकरा मागितली जातात.

वार्षिक मूल्यमापनाला दोन वाटा आहेत. प्रमाणित चाचणी, उदाहरणार्थ आयोवा किंवा स्टॅनफर्ड. त्यात ३३ पर्सेंटाइलच्या वर यावं लागतं किंवा आदल्या वर्षीच्या चाचणीपेक्षा वर्षभराची प्रगती दिसावी लागते. किंवा लेखी मूल्यमापन : परवानाधारक शिक्षक मुलाशी बोलतो, वर्षाचं काम बघतो आणि प्रगती पुरेशी आहे असं लिहून देतो. तिसरीपर्यंत ही दुसरी वाट दरवर्षी चालते. चौथी ते आठवीत एकाआड एक वर्षच. म्हणून धाकट्याचा प्रश्नच नव्हता. थोरलीसाठी पहिल्या वर्षी लेखी मूल्यमापन घेतलं, चाचणी सातवीसाठी राखली. इंच, फॅरनहाइट आणि अमेरिकी स्पेलिंग अजून अंगवळणी पडत असताना चाचणीला बसवून मुलीच्या माथी कमी गुण मारण्यात काही अर्थ नव्हता. हा बेत आराखड्यातच नोंदवून ठेवला. शिक्षकाची फी पालकांनी भरायची असते. मे महिन्यात शोधायला गेलात, तर सगळे बुक झालेले असतात. फेब्रुवारीत ठरवावं.

पुण्याची बाजू

पुण्याच्या शाळेतून निघताना शाळा सोडल्याचा दाखला घेतला होताच. त्यावर जनरल रजिस्टर नंबर आणि यूडायस या सरकारी शाळा-नोंदणीतला पेन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक आहे ना, हे बघावं. सरकारी पोर्टलवर मुलाची नोंद 'शाळाबाह्य' अशी पडत नाही ना, हेही कारकुनाला विचारून घ्यावं. परदेशी स्थलांतर हे कारण लेखी द्यावं. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ४ सांगतं, की शाळेत न गेलेल्या सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळावा. दोन वर्षांनी थोरली तेरावं संपवत असेल, म्हणजे या कलमात बसते. पण खासगी शाळा आपल्या जागा आणि आपली चाचणी बघूनच उत्तर देते. म्हणून कागद भक्कम हवेत : डिस्ट्रिक्टची आराखडा मान्य झाल्याची पत्रं, आठही तिमाही अहवाल, दोन्ही वार्षिक मूल्यमापनं आणि थोरलीच्या मराठी-हिंदीच्या वह्या. डिस्ट्रिक्ट घरशाळेच्या मुलाला गुणपत्रिका देत नाही. हीच पत्रं तिची जागा घेतात. मुक्काम तीन वर्षांचा होऊन परतणं नववीत गेलं असतं, तर गणित वेगळं झालं असतं. नववी-दहावीला मंडळाचे नियम आड येतात आणि मग मुक्त विद्यालय किंवा दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म यांचा आधीपासून विचार करावा लागतो.

तारखांचा एक पेच उरतोच. पुण्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि न्यूयॉर्कचं वर्ष ३० जूनला संपतं. दुसऱ्या वर्षी सगळे तास मेअखेर पुरे करायचे, तर सप्टेंबरची वाट न बघता ऑगस्टच्या सुरुवातीलाच अभ्यास सुरू करावा लागतो. नियम १ जुलैपासून तास मोजू देतो. थोरली सातवीत जाईल, तेव्हा तिचे तास ९९० होतील. सातवी-आठवीत विषय युनिटमध्ये मोजतात, एक युनिट म्हणजे ६,४८० मिनिटं, अर्थात १०८ तास. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि इतिहास-भूगोल यांचं वर्षाला एकेक युनिट. यादीत ग्रंथालय कौशल्यं आणि व्यवहारोपयोगी कला हे नवे विषय येतात. आईनं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चौथा अहवाल, मूल्यमापनाचा कागद आणि पुढच्या वर्षाचं चार ओळींचं पत्र एकाच पाकिटात घातलं. या वेळी डिस्ट्रिक्टचा पत्ता टॅक्सच्या बिलावरून लिहिला.